वीतभर बंदूक

भोजराजनं बंदुकीचा घोडा उंबऱ्यावर आदळला. "हे उद्या दुपारपर्यंत पायजे. मानूस घ्याले येऊन राहिला."

चंद्रकला तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"कोनाले पायजे?"

"मले."

"मंग तुमीच करा ना, भाऊजी."

भोजराज तिचा धाकटा दीर. अंगानं तगडा, आवाजानं त्याहून तगडा, आणि कानस हातात घेतली की लोखंडापेक्षा स्वतःची बोटंच जास्त घासणारा. त्याचा मोठा भाऊ ताराचंद, म्हणजे चंद्रकलेचा नवरा, माघात वारला होता. आंबागडच्या पायथ्याशी असलेलं हे लोहारांचं घर पिढ्यान्‌पिढ्या बंदुका दुरुस्त करत आलं होतं. डुकरांपासून धान राखायला शेतकऱ्यांकडे परवान्याच्या ठासणीच्या बंदुका असत. नळीच्या तोंडातून बारूद ओतायची, गजानं ठासायची आणि चाप ओढायचा, अशी ती जुनी हत्यारं. दर वर्षी त्यांचं काही ना काही बिघडायचंच. त्या सत्त्याहत्तर साली तर निवडणुकीसाठी ठाण्यात जमा झालेल्या बंदुका नुकत्याच घरोघर परतल्या होत्या आणि पावसाळा तोंडावर आला होता. काम दारात येऊन पडत होतं आणि करणारा मेला होता.

निदान गावाला तसं वाटत होतं.

खरी गोष्ट घराबाहेर कोणालाच ठाऊक नव्हती. ताराचंदच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला त्याला बरीच वर्षं झाली होती. डोळे कापून घ्यायला तो भ्यायला. तेव्हापासून तो पुढच्या पडवीत बसायचा, आलेली बंदूक हातात तोलायचा, नळीला डोळा लावून "हं, हं" करायचा, आणि गिऱ्हाईक वळलं की ती भिंतीआड सरकवायचा. भिंतीआड चंद्रकला. लग्न होऊन आली तेव्हापासून भाता ओढता ओढता तिनं सगळं काम डोळ्यांनी शिकून घेतलं होतं, ते आता हातांत उतरलं. घोडा तिनं घासायचा, कमान तिनं वाकवायची, पोलाद तापवून, बुडवून त्याला कडक करणारं पाणी तिनं द्यायचं. संध्याकाळी गिऱ्हाईक येऊन म्हणायचं, "ताराचंद, तुह्या हाताले तोड नाई गा." ती भिंतीमागं ऐकायची. सुरुवातीला तिला हसू यायचं. पुढं पुढं येईनासं झालं.

मरायच्या आदल्या दिवशी ताराचंदनं तिचा हात धरला. तिला वाटलं, आता तरी काही गोड बोलेल. तो म्हणाला, "कोनाले सांगू नोको. माही इज्जत रायली पायजे." तिनं मान हलवली. मरणाऱ्या माणसाचं एक बरं असतं; तो शब्द घेतो आणि निघून जातो, निभवत बसायचं मागं राहिलेल्यांनी.

आणि आता भोजराजला तीच व्यवस्था पुढं चालवायची होती. पडवीत तो, भिंतीआड ती.

"दादासाठी केलं ना? माह्यासाठी करताना हात झडून राहिले काय तुहे?"

भाऊ होता तोवर तो तिला 'तुमी' म्हणायचा.

"ते नवरा होते."

"आन् मी भात घालून राहिलो ते? घर माहं, दुकान माहं, अवजारं माही. दसऱ्यापर्यंत वाट पाहतो. नाई तर अवजारं भंगारात देतो आन् तुले पाठवतो माहेरी."

तिच्या माहेरात कोणी उरलं नव्हतं. त्याला ते माहीत होतं, म्हणूनच तो ते बोलला.

चंद्रकलेनं सूप बाजूला ठेवलं. "दसऱ्याले मी वीतभर बंदूक ठेवीन."

भोजराज हसत सुटला. या घराची रीतच तशी होती. पुरुषानं गावच्या बंदुकांना हात घालायच्या आधी एक वीतभर लांबीची चकमकीची बंदूक घडवायची. दिसायला खेळणं, पण काम खरं. घोड्याच्या जबड्यात गारगोटीचा तुकडा. चाप ओढला की तो पोलादाच्या पट्टीवर आपटून ठिणगी पडली पाहिजे, ठिणगीनं खालच्या वाटीतली बारूद पेटली पाहिजे, आणि नळीला पाडलेल्या सुईएवढ्या कानातून जाळ आत जाऊन बार उडाला पाहिजे. दसऱ्याला कृष्णराव मालगुजारांच्या अंगणात शस्त्रपूजेत ती ठेवायची आणि सगळ्यांसमोर उडवायची. मालगुजारी जाऊन जमाना झाला होता, तरी गाव कृष्णरावांना मालकच म्हणायचं. मालकांनी माणसाचं नाव घेऊन शाबासकी दिली की गावानं आपल्या बंदुका त्याच्या हाती निर्धास्त द्यायच्या. सासऱ्यांनी अशी बंदूक ठेवली होती, ताराचंदनं ठेवली होती. भोजराजनंही एकदा घडवायला घेतली होती. त्या नळीची पुढं त्याच्या बायकोनं, सत्यवतीनं, फुंकणी केली.

"सत्यवती, आयकलं काय वो? वयनी बंदूक ठेवते म्हनते दसऱ्याले!"

ती दारात आली. "ठेवू द्या ना. विधवेच्या हातची बंदूक, डुक्कर तं बार उडायच्या आधीच मरन."

यावर दोघंही पोट धरून हसली. चंद्रकला उठून मागच्या सपरात, भट्टीच्या छपराखाली, गेली आणि सासऱ्यांच्या वेळच्या बारीक कानशी शोधू लागली.

पाऊस लागला. घरची माणसं रोवणीला जायची. चंद्रकलाही जायची, कारण भात खायचा तर चिखलात वाकायला हवं, हे सत्यवतीनं स्पष्ट सांगितलं होतं. परतल्यावर उजेड असेल तेवढा वेळ ती सपरात बसायची. नळीसाठी तिनं मोडक्या बंदुकीचा गज कापून घेतला आणि दोरीनं फिरणाऱ्या सामत्यानं, म्हणजे गिरमिटानं, त्याला आरपार भोक पाडायला बसली. पहिली नळी मधोमध वाकडी गेली. दुसरी शेवटाला फाटली. तिसरीच्या वेळी सत्यवतीनं भट्टीच्या कोळशांवर धुण्याचं पाणी ओतलं आणि "दिसलंच नाई वो" म्हणून निघून गेली. चंद्रकलेनं कोळसे उन्हात पसरले. ऊन पडलंच नाही, तेव्हा तिनं ते चुलीच्या कडेला वाळवले. तिला रडू आलं होतं, पण ती सत्यवतीसमोर रडणारी नव्हती. तिसरी नळी मात्र सरळ उतरली.

विहिरीवर बायका पदराआडून हसायच्या. एकीनं विचारलं, "काहून वो चंद्रकला, कोनाले मारतं?" दुसरी म्हणाली, "नवऱ्याले तं आधीच मारून बसली." चंद्रकला घागर भरून घ्यायची आणि चालू लागायची. घागरीतलं पाणी मात्र वाटभर हिंदकळायचं.

सगळ्यात अवघड होती ती घोड्याला रेटा देणारी कमान. घड्याळातल्या मोडक्या कमानीचा तुकडा तापवून, वाकवून, पुन्हा त्याला पाणी द्यायचं. पाणी जास्त झालं की काचेसारखी तुटते, कमी झालं की घोडा मेल्यासारखा पडतो. तापलेल्या पोलादावर आधी पिवळा रंग चढतो, मग जांभळा, मग निळा, आणि निळ्याच्या अगदी सुरुवातीला ते तेलात बुडवावं लागतं. एका संध्याकाळी तो रंग तिला नेमका सापडला. तिनं घोडा मागं ओढला, तो 'टक्' करून बसला. चाप दाबला, गारगोटी पट्टीवर आपटली आणि अंधारत आलेल्या सपरात ठिणग्या सांडल्या. आजवर असं काही झालं की ती ते भिंतीआडून पुढं सरकवून द्यायची. या वेळी ती ते मांडीवर घेऊन बसून राहिली. हे माझं आहे, असं तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, आणि आनंदानं तिचा जीव घाबरा झाला.

शिसवाचा दस्ता बसवला, पितळेच्या पट्ट्या बसवल्या, आणि एके दिवशी ती सरपणाच्या निमित्तानं किल्ल्याच्या मागच्या जंगलात गेली. नळीत चिमटीभर बारूद, वर कागदाचा बोळा, एक छर्रा. समोर मोहाचं झाड. बार उडाला, पाखरं उठली, आणि मोहाच्या सालीत छर्रा रुतलेला दिसला. तिथं ऐकायला कोणी नव्हतं, म्हणून ती मोठ्यानं हसली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी ती बंदूक पदराखाली घेऊन कृष्णरावांकडे गेली. ते झोपाळ्यावर होते. त्यांनी ती उलटसुलट फिरवली, घोडा ओढला, ठिणगी पाडली आणि त्यांचे डोळे पाणावले.

"ताराचंदचा हात! मरता मरता करून गेला काय?"

"त्यांले दिसत नव्हतं, मालक." दिलेला शब्द ती मोडत होती आणि ते तिला कळत होतं. "हे मी केली. याच्या आधीचं कामही मीच करत होती. ते पडवीत बसत, मी आत."

कृष्णरावांनी तिचे हात बघितले. उजव्या अंगठ्याला कानशीचा घट्टा होता, बोटांवर भाजल्याचे डाग होते, नखांत लोखंडाचा काळा कीस होता. ते काही मूर्ख नव्हते. त्यांना पटलं.

"बरं," ते म्हणाले. "उद्या येऊ दे पूजेले. पन तू हात लावायचा नाई हं. शस्त्राची पूजा, विधवेचा हात... लोकं माह्या तोंडात शेन घालतीन. भोजराज ठेवन, भोजराज उडवन. नाव मी घेईन."

"माहं?"

"तुहंच. आखं गाव बसलं असन तवा घेईन. जाय आता."

ती घरी आली आणि बंदूक तिनं आपल्या हातानं भोजराजच्या पुढ्यात ठेवली. त्यानं ती उचलली, काही बोलला नाही. सत्यवतीही काही बोलली नाही. त्या दोघांची ती गप्प तोंडं बघून तिला इतकं बरं वाटलं की जेवताना तिनं पहिल्यांदा भात मागून घेतला.

दसऱ्याला मालकांच्या अंगणात गाव जमलं. पाटावर दोन तलवारी, एक भाला, परवान्याच्या बंदुका ओळीनं लावलेल्या आणि पुढं, झेंडूच्या फुलांत, ती वीतभर बंदूक. बीटाचे पोलीस जमादार पाहुणे म्हणून खुर्चीवर बसले होते, त्यांनीही ती हातात घेऊन "वा, काय नाजूक काम हाये!" म्हटलं. बायका गोठ्याच्या बाजूला होत्या आणि विधवा त्यांच्याही मागं. चंद्रकला टाचा उंचावून बघत होती.

भोजराज नवं धोतर नेसून पूजेला बसला. त्यानं हळदीकुंकवाचा ओला गोळा केला आणि हत्यारांना टिळे लावू लागला. तलवारीला लावला, भाल्याला लावला, आणि वीतभर बंदुकीवर भक्ती जरा जास्तच उतू गेली. घोड्यापासून वाटीपर्यंत त्यानं कुंकू थापलं. चंद्रकलेला ते मागूनही दिसलं. ते ओलं कुंकू सरळ नळीच्या कानात गेलं होतं.

कृष्णराव उठले. अंगण शांत झालं.

"मंडळी," ते म्हणाले, "या घराची रीत तुमाले ठाऊक हाये. आपला ताराचंद गेला. पन जाता जाता तो हे काम करून गेला. डोये मिटायच्या आधी त्यानं गावासाठी आपला हात ठेवून दिला. असा कारागीर पुन्हा होनार नाई."

म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. बायकांतून सुस्कारे आले. चंद्रकलेकडे वळून एकजण म्हणाली, "नशीबवान हाये बाई तू, असा नवरा भेटला." कृष्णरावांनी गोठ्याच्या बाजूला एकदाही पाहिलं नाही. त्यांनी काही खोटं बोलायचं ठरवलं असेल असंही नाही. उठून उभे राहिल्यावर त्यांना जे सोपं वाटलं ते त्यांनी बोलून टाकलं, एवढंच. एका क्षणात सबंध पावसाळा तिच्या हातून काढून मेलेल्या माणसाला देऊन टाकला होता.

"भोजराज, आता तू उडव. दुकान तुलेच चालवायचं हाये."

भोजराजनं बंदूक घेतली. नळीत बारूद ओतली, कागद आणि छर्रा ठासला, वाटीत बारूद टाकली, आणि हात लांब करून चाप ओढला. वाटीतली बारूद भक्कन जळली, धूर निघाला, बस. बार काही उडाला नाही. अंगणात हशा पिकला.

"भाऊजी!" मागून चंद्रकला ओरडली. "कान बुजला हाये कुंकवानं! सुईनं टोचा! बार आतच हाये!"

सगळ्या माना वळल्या. भोजराजचा चेहरा लाल झाला. "गप बस वो! विधवा बाई मधात बोलते, म्हनून तं उडत नाई!"

"आतला बार काढा आधी! दुसरा नोका भरू!"

"कोनी गप करा हिले," कृष्णराव म्हणाले. सत्यवतीनं तिचा दंड धरून मागं ओढलं.

हसणारे हसतच होते. भोजराजनं चिडून नळी पुन्हा भरली, आधीच्या बारावर दुसरा, आणि तोही हात सैल सोडून, दुप्पट बारुदीचा. कागद ठासताना त्यानं गज असा आपटला की तो वाकला. वाटी बोटानं खरवडून पुसून तिच्यात नवी बारूद टाकली; पुसताना कानातलं कुंकूही थोडं निघालं असावं. त्यानं बंदूक तोंडाजवळ घेऊन गावाकडे बघितलं आणि चाप ओढला.

या वेळी आवाज मोठा झाला. धूर विरला तेव्हा भोजराज गुडघ्यांवर बसला होता, उजवा हात डाव्या हातात धरून. अंगठा अर्धा होता. नव्या धोतरावर रक्त उतरत होतं आणि तो बैलासारखा ओरडत होता. चौघांनी त्याला उचलून बैलगाडीत घातलं आणि गाडी तुमसरच्या रस्त्याला लागली.

मागं राहिलेल्या अंगणात जमादार उभे होते. आता ते पाहुणे नव्हते. माणसाचा अंगठा गेला होता, इस्पितळात विचारणा होणार होती, आणि बिनपरवान्याचं हत्यार त्यांच्या खुर्चीसमोर फुटलं होतं.

"कोनं बनवली हे?" त्यांनी विचारलं.

सगळेच एकदम बोलले.

"हिनं," कृष्णराव म्हणाले. आता त्यांचं बोट बरोबर गोठ्याच्या बाजूला गेलं. "काल सोताच येऊन मले सांगून गेली. मी नाईच म्हनत होतो."

"म्या पाह्यलं ना डोयानं!" सत्यवती रडत पुढं आली. "आखा पावसाळा सपरात घासत बसली होती. नळ्या फाडल्या, कोळसे जाळले, घड्याळाची कमान मोडून लावली. आन् हेच एक नाई, याच्या आधीचं सारं कामही हेच करे. माह्या भासऱ्याले, ताराचंदले, दिसत कुठं होतं!"

"आमी विहिरीवर इचारलं तं बोलली नाई," एक बाई म्हणाली. "भाजलेले हात पाहा ना तिचे," दुसरी म्हणाली. म्हातारे माना डोलावत होते. ज्या एका गोष्टीसाठी ती पावसाळाभर राबली, ती गोष्ट गाव आता एकमुखानं, पुराव्यानिशी सांगत होतं. तिला हसावं की रडावं ते कळेना.

जमादार तिच्याजवळ आले. त्यांना या भानगडीचा कंटाळा आला होता, आणि माणूस तसा वाईट नव्हता. आवाज उतरवून ते म्हणाले, "बाई, आयक माहं. बिनपरवान्याची बंदूक बनवनं म्हंजे जेल हाये. नवऱ्यानं करून ठेवली असन तं तसं सांग. मेलेल्याले कोनी बेडी घालत नाई. तू आपल्या घरी, मी माह्या घरी."

कृष्णराव घाईनं म्हणाले, "हो, हो. मी तेच तं सांगतलं मघाशी सगळ्याइले. ताराचंदनंच केली असन."

गाव लगेच गप्प झालं. गावाची तीही तयारी होती. एका वाक्यात ती सुटणार होती, आणि त्याच वाक्यात पुन्हा भिंतीआड जाणार होती, या वेळी कायमची.

"मी बनवली," चंद्रकला म्हणाली.

"इचार करून बोल, बाई."

"नळी, घोडा, कमान, दस्ता. सारं मी केलं. चांगली उडत होती. फोडली ते भाऊजीनं."

जमादारांनी उसासा टाकला. त्यांनी खिशातला रुमाल काढून जमिनीवर पसरला आणि वाकून तुकडे गोळा करू लागले. पण धुळीत, फुलांत आणि रक्तात बंदुकीचं काय आणि बाकीचं काय, ते त्यांना उमजेना. चंद्रकला पुढं आली आणि पाटासमोर उकिडवी बसली. आता तिच्या हाताला कोणी हरकत घेतली नाही. तिनं एकेक तुकडा निवडला, पदरानं पुसला आणि रुमालात ठेवला. शेवटी झेंडूच्या पाकळ्या बाजूला सारून तांदळाच्या दाण्याएवढा चाप शोधून काढला आणि तोही ठेवला.

"गाठ पक्की मारा, साहेब," ती म्हणाली. "चाप बारीक हाये, वाटेत पडून जाईन."